सहा लाख हातात, आठ पॅनेल गच्चीवर : नागपुरातल्या एका वसतिगृहाचं प्रकरण

हुडकेश्वरच्या बाजूला एका छोट्या विश्वस्त संस्थेचं मुलांचं वसतिगृह आहे. तळमजला, वर दोन मजले, चाळीस मुलं. बहुतेक गडचिरोली-गोंदियाकडची. इमारत संस्थेच्या मालकीची. त्याच भागात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना स्वच्छ विजेसाठी स्वतःचे सहा लाख रुपये घालायचे होते. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांची धुरांडी दिसणाऱ्या शहरात ही इच्छा होणं नवल नाही. पण त्यांच्या बिल्डिंगची गच्ची सगळ्यांची, आणि गच्चीवर काहीही करायचं म्हटलं की सोसायटीची सभा तीन-तीनदा तहकूब होते. म्हणून पैसा वसतिगृहाच्या गच्चीवर सौर पॅनेलमध्ये घालायचं ठरलं. संस्थेचं, देणगीदाराचं आणि कंत्राटदाराचं नाव इथे दिलेलं नाही.

पहिलं कोटेशन आलं ते 9.9 किलोवॉटचं, 550 वॉटची अठरा पॅनेल, 5 लाख 60 हजार. गच्ची मोठी, पैसे तयार, मग कमी कशाला, असा त्यामागचा विचार. कंत्राटदार गच्ची मोजून गेला होता. बिल कोणी मागितलंच नव्हतं.

बिल आधी

महावितरणच्या बिलावर तीन गोष्टी प्रथम पाहायच्या: जोडणी कोणाच्या नावावर आहे, मंजूर भार किती आणि दराचा वर्ग कोणता. इथे नाव निघालं संस्थेच्या एका दिवंगत संस्थापकांचं. नेट मीटरिंगचा (ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या सोयीचा) अर्ज ज्याच्या नावावर मीटर त्यालाच करता येतो, त्यामुळे आधी नावबदल. मंजूर भार 5 किलोवॉट, थ्री फेज. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या नियमांप्रमाणे छतावरच्या संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. केंद्राच्या 2024 च्या सुधारित ग्राहक नियमांनी 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून सूट दिली आहे आणि लागेल तसा भार वाढवून देण्याची सोयही केली आहे. तेव्हा 9.9 किलोवॉट कागदावर बसलं असतं. अडचण कागदाची नव्हतीच.

वर्ग घरगुती होता, तो बरोबर. मात्र तळमजल्यावरची रस्त्याकडची एक खोली झेरॉक्सवाल्याला भाड्याने दिलेली होती आणि तिची वीज वसतिगृहाच्याच मीटरवरून जात होती. घरगुती मीटरवरून दुकान चालवणं हा दंडाचा विषय. नेट मीटर बसवायला माणूस येणार, तो वायरिंग पाहणार, म्हणजे ही गोष्ट त्या दिवशी उघडी पडणारच. दुकानाला स्वतंत्र व्यावसायिक मीटर घेऊनच पुढचं पाऊल टाकलं.

मग बारा महिन्यांची बिलं समोर ठेवली आणि 4.4 किलोवॉटच्या, म्हणजे आठ पॅनेलच्या अपेक्षित निर्मितीशी महिनावार ताडून पाहिली. नागपुरात एक किलोवॉट वर्षाला साधारण 1,400 युनिटं देतो. उन्हाळ्यात दिवसाला साडेचारच्या पुढे, जुलै-ऑगस्टमध्ये पावणेतीनच्या आसपास. खाली ‘शिल्लक’ म्हणजे मागच्या महिन्यांची धरून खात्यावर जमा युनिटं; ती पुरली नाहीत की बाकीची ‘विकत’.

एप्रिल : वापर 820, निर्मिती 607, विकत 213
मे : वापर 180, निर्मिती 627, शिल्लक 447
जून : वापर 360, निर्मिती 488, शिल्लक 575
जुलै : वापर 600, निर्मिती 368, शिल्लक 343
ऑगस्ट : वापर 620, निर्मिती 368, शिल्लक 91
सप्टेंबर : वापर 640, निर्मिती 462, विकत 87
ऑक्टोबर : वापर 560, निर्मिती 559, विकत 1
नोव्हेंबर : वापर 480, निर्मिती 528, शिल्लक 48
डिसेंबर : वापर 430, निर्मिती 518, शिल्लक 136
जानेवारी : वापर 440, निर्मिती 532, शिल्लक 228
फेब्रुवारी : वापर 480, निर्मिती 554, शिल्लक 302
मार्च : वापर 700, निर्मिती 641, शिल्लक 243

वर्षाचा वापर 6,310, निर्मिती 6,252. वसतिगृहाची एक गंमत या तक्त्यात दिसते. ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हा मुलं सुट्टीवर गेलेली असतात. पहिल्या नजरेला हा तोटा वाटतो, पण शिल्लक युनिटांचं वर्ष एप्रिल ते मार्च असं चालतं. मे-जूनमध्ये जमा झालेली 575 युनिटं जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या ढगाळ महिन्यांत पुरती वापरली जातात. हेच वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं तरी इथे फारसं बिघडलं नसतं. जून अखेरीस संपत असतं, तर मात्र सगळा खेळ फिसकटला असता.

31 मार्चला जे उरतं ते महावितरण विकत घेतं, पण किरकोळ दराने. वरच्या टप्प्यात वाचलेल्या युनिटाच्या किमतीचा तो लहानसा हिस्सा असतो. अठरा पॅनेल लावली असती तर वर्षाला सुमारे 14,000 युनिटं तयार झाली असती आणि त्यातली साडेसात हजारांहून जास्त अशी मातीमोल गेली असती. वाढीव दहा पॅनेलचा पैसा जवळपास वाया.

आणखी एक बारकावा टप्प्यांचा. 2024-25 मध्ये घरगुती दर वहन आकार धरून पहिल्या 100 युनिटांना सहा रुपयांच्या आत, 101 ते 300 ला साडेअकराच्या आसपास, 301 ते 500 ला पावणेसोळाच्या आसपास आणि पाचशेच्या वर पावणेअठराच्या घरात होता. वर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिली काही पॅनेल सगळ्यात महाग युनिटं खातात आणि शेवटचं पॅनेल सगळ्यात स्वस्त. बिल शून्यावर आणण्याचा हट्ट म्हणूनच महागात पडतो. इथे सात पॅनेलनेही काम भागलं असतं. आठवं घेतलं ते धूळ आणि दरवर्षी थोडी घटणारी क्षमता यांची तजवीज म्हणून. त्याची परतफेड सातव्यापेक्षा कमी, हे माहीत असून.

त्या दरांनी वर्षाचं बिल, इंधन समायोजन वगळून, सुमारे 98 हजार होत होतं. सोलरनंतर स्थिर आकार आणि उरलेली युनिटं मिळून नऊ हजारांच्या आत यावं असा हिशेब निघाला.

पैसा कोणत्या वाटेने द्यायचा

अनुदानाचा प्रश्न लगेच येतो. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000. विश्वस्त संस्थेचं वसतिगृह यातल्या कशातच बसत नाही. दर घरगुती आहे म्हणून अनुदानही मिळेल, ही समजूत अनेकांची होते. हिशेब अनुदानाशिवायच मांडावा.

देणगीदाराचा पहिला बेत पॅनेल स्वतःच विकत घेऊन संस्थेला देण्याचा होता. तो सोडायला लावला, दोन कारणांनी. बिल त्यांच्या नावावर असलं की पॅनेलची पंचवीस वर्षांची आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची डीसी वीज वापराच्या एसीत बदलणाऱ्या यंत्राची) हमीही त्यांच्याच नावावर राहते, आणि उद्या काही झालं तर संस्थेला दाद मागता येत नाही. दुसरं, 80जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही. रोख दिली तर दोन हजारांच्या वर तीही नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर हा प्रश्नच उरत नाही, हे त्यांच्या सीएने नंतर सांगितलं. चेक संस्थेच्या नावे, खरेदी संस्थेची, हमीपत्रं संस्थेची, ऑडिटमध्ये मालमत्ता म्हणून नोंद संस्थेची.

दुसरा बेत बिनव्याजी कर्जाचा: बिलात जे वाचेल त्यातलं निम्मं संस्थेने दरवर्षी परत करावं, तेच पुढच्या गच्चीला घालता येईल. कल्पना चांगली आहे. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36अ प्रमाणे विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पावणेतीन लाखांसाठी त्या फेऱ्या कोण मारणार? शेवटी देणगीच दिली, पण पत्रात आणि विश्वस्तांच्या ठरावात एक अट घालून. संस्थेने वेगळं बचत खातं उघडायचं आणि दरमहा 3,500 रुपये त्यात टाकायचे. देखभाल, इन्व्हर्टर बदलणं आणि वीजबचतीची कामं त्यातून. रक्कम ठरावीक ठेवली ती मुद्दाम. ‘बचतीच्या पन्नास टक्के’ असं लिहिलं की बचत किती झाली यावर दर महिन्याला वाद होतो, आणि सहाव्या महिन्यात कोणी मोजतही नाही.

खर्च असा बसला, कर धरून: पॅनेल 72,000, थ्री फेज 5 किलोवॉट इन्व्हर्टर 55,000, स्ट्रक्चर 48,000, पेडेस्टल (पायांखालचे ओतीव काँक्रीटचे चौथरे) आणि वॉटरप्रूफिंग 23,000, केबल आणि डीसी-एसी डबे 24,000, अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा) 18,000, मजुरी-वाहतूक 20,000, मीटर आणि अर्ज 10,000. एकूण 2 लाख 70 हजार. शिवाय 30,000 रुपये त्या वेगळ्या खात्यात सुरुवातीची ठेव म्हणून. हे दर जीएसटी कमी होण्याआधीचे. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर साहित्यावरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, आणि 70-30 विभागणीने एकूण कामावरचा 13.8 वरून 8.9 टक्क्यांवर.

सहा लाखांतले तीन लाख उरले. देणगीदाराला ते सुरुवातीला खटकलं.

गच्ची

पाहणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाली आणि तिथेच पहिली चूक झाली. नागपूर 21.15 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 26 मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायात जाते. अशा दिवशी कोणतीही गच्ची निर्दोष दिसते. आखणीत पॅनेलचा टेबल जिन्याच्या खोलीपासून दीड मीटरवर, तिच्या वायव्येला घेतला होता. जिन्याची खोली आणि तिच्यावरची पाण्याची टाकी मिळून गच्चीपासून उंची सव्वाचार मीटर.

डिसेंबरचं गणित वेगळं. 22 डिसेंबरला नागपुरात सूर्य दुपारी 45 अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीइतकी. सकाळी नवाच्या सुमारास तो आग्नेयेला साडेसत्तावीस अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या जवळपास दुप्पट होते. मे महिन्यात उभं राहून डिसेंबर तपासायचा असेल तर मोबाईलमधलं कोनमापक पुरतं. पॅनेल जिथे येणार तिथे उभं राहायचं आणि तीन दिशांना पाहायचं: दक्षिणेला 45 अंशांच्या वर काही डोकावतं का, आग्नेय आणि नैर्ऋत्येला सत्तावीस अंशांच्या वर काही आहे का. इथे टाकी डोकावत होती. टेबल पश्चिमेकडे तीन मीटर सरकवला. गच्चीवर खडूने चौकट काढून, चार कोपऱ्यांवर विटा ठेवून, प्रत्येक विटेपाशी उभं राहून कोन पाहिला तेव्हा खात्री पटली.

उंचीचा निर्णय मेसच्या मावशींनी घेतला असं म्हटलं तरी चालेल. याच गच्चीवर फेब्रुवारीपासून कुरड्या, पापड, सरगुंडे वाळत असतात. खाली बसवलेली पॅनेल म्हणजे वाळवणाची जागा गेली, आणि गच्ची वापरणाऱ्या माणसांना नको असलेला संच टिकत नाही. म्हणून पुढची कड सात फुटांवर घेतली. त्याचा एक फायदा आपोआप मिळाला: टाकीचा माथा आता पॅनेलच्या पातळीपेक्षा सव्वाचार नव्हे, दोन मीटरच उंच राहिला आणि डिसेंबरच्या सकाळची सावली आठ मीटरवरून चारवर आली.

किंमत मोजावी लागली ती वाऱ्याला. बांधकाम संहितेत, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. त्यातून चौरस मीटरला सुमारे 118 किलोचा दाब निघतो. आठ पॅनेलचं क्षेत्र 20.7 चौरस मीटर, म्हणजे ढोबळ हिशेबाने दोन टनांच्या वर उचल. कोन आणि उंचीप्रमाणे गुणक बदलतो, पण अंदाजाला एवढं पुरे. समोर वजन काय? पॅनेल प्रत्येकी 28 किलो, म्हणजे 225. स्ट्रक्चर दोनशेच्या आसपास. दीड फूट चौरस, एक फूट उंच असे सहा सिमेंटचे ठोकळे धरले तरी नऊशेच्या आसपास. बेरीज तेराशे. म्हणजे ‘ठोकळ्यांच्या वजनावर उभं राहील’ हे एप्रिल-मेच्या वावटळीत चालणारं उत्तर नाही.

कंत्राटदाराचं म्हणणं होतं, ॲन्कर बोल्ट मारतो. नागपुरातल्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, चार-साडेचार इंच जाड. चार इंची बोल्ट त्यात शिरतो, घट्टही बसतो, आणि खालच्या आरसीसीपर्यंत पोचतच नाही. पहिल्या मोठ्या वाऱ्यात तो कोब्याचा तुकडा घेऊनच वर येतो. वर वॉटरप्रूफिंगला भोक पडलेलं असतं ते वेगळंच. बरोबर पद्धत अशी: सहाही पायांच्या जागी, शक्यतो कॉलम-बीमच्या वर, कोबा उघडायचा, आरसीसीत 12 मिलीमीटरच्या सळया इपॉक्सीने बसवायच्या, त्यावर पेडेस्टल ओतायचं, दहा दिवस पाणी मारायचं आणि भोवती वाटा (कोपऱ्याला सिमेंटची गोलाई) मारून वॉटरप्रूफिंग पुन्हा जोडून घ्यायचं. त्या तेवीस हजारांत हेच काम आहे. कोटेशनमध्ये ते जवळजवळ कधीच नसतं.

कोन 21 ऐवजी 12 अंश ठेवला. वर्षाला एक-दीड टक्का निर्मिती गेली, वारा कमी अडला, मागची कड फार उंच गेली नाही. चार-चार पॅनेलच्या दोन ओळींमध्ये दीड फुटाची फट ठेवून तिथे जाळीची चालपट्टी टाकली. उंच स्ट्रक्चरला ही पट्टी नसेल तर धुणारा वर पोचत नाही, आणि मग कोणीच धूत नाही. शिडीला कुलूप. संक्रांतीला पतंगामागे मुलं कुठेही चढतात आणि नायलॉन मांजा केबलला गुंडाळला की ओढून काढायच्या नादात कनेक्टर निघतात.

वायर, उष्णता, मीटर

आठही पॅनेल एका सिरीजमध्ये. एका पॅनेलचा उघडा (काहीही न जोडता मोजलेला) व्होल्टेज 50 च्या आसपास, म्हणजे थंड सकाळी माळेचा सुमारे 415. दुसऱ्या टोकाला मे महिन्यात पॅनेलचं तापमान सत्तर अंशांवर गेलं की कामाचा व्होल्टेज 280 पर्यंत उतरतो. थ्री फेज इन्व्हर्टर निवडताना हाच खालचा आकडा पाहायचा. काही इन्व्हर्टर तीनशेच्या खाली पूर्ण ताकद देत नाहीत आणि छोट्या माळेवर ऐन उन्हाळ्यात रडत चालतात.

उष्णतेने ताकदही जाते, अंशाला सुमारे 0.35 टक्के. सत्तर अंशांवर 25 च्या तुलनेत सोळा टक्के. त्यामुळे नागपुरात दुपारचा सर्वोच्च आकडा मे महिन्यात नाही, फेब्रुवारी-मार्चच्या एखाद्या स्वच्छ, वारा असलेल्या दिवशी दिसतो. इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीत, आतून उत्तरेच्या भिंतीला, चहूबाजूंनी फूटभर जागा सोडून लावला. पश्चिमेच्या भिंतीवर लावलेला इन्व्हर्टर दुपारी तीनला स्वतःच वीज कमी करतो आणि लोक पॅनेलला दोष देतात.

डीसीला 4 चौरस मिलीमीटरची सोलर केबल, कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगवेगळे जोडले तर बसतात, पण आत सैल राहून तापतात. अर्थिंगचे तीन खड्डे: डीसी, एसी आणि वीजरोधक. काळ्या मातीत पावसाळ्यात घेतलेलं दोन-तीन ओहमचं रीडिंग खरं मानू नये. उन्हाळ्यात माती भेगाळली की तेच दुप्पट-तिप्पट होतं. मोजायचं ते मे महिन्यात.

दुसरी चूक जोडणीच्या वेळी झाली. ऑक्टोबरमध्ये काम पुरं झालं, कंत्राटदाराने ‘टेस्टिंगला’ संच चालू केला आणि तसाच सोडून गेला. नेट मीटर बसायला आणखी नऊ दिवस लागले. जुनं इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कोणत्या दिशेने गेली हे पाहत नाही, बाहेर गेलेलं युनिटही वापर म्हणूनच मोजतं. दिवसा मुलं कॉलेजात, वापर थोडा, त्यामुळे शंभराच्या वर युनिटं उलट खात्यावर चढली. बिल कमी व्हायच्या महिन्यात वाढून आलं. नेट मीटर बसेपर्यंत एसी डब्यातला एमसीबी खाली आणि डब्याला कुलूप, चावी वॉर्डनकडे, हे करारात लिहून घ्यावं. नेट मीटर बसल्यावरच्या पहिल्या बिलात आयात आणि निर्यात दोन्ही आकडे आलेत का ते मीटरच्या डिस्प्लेशी ताडून पाहावं. दोन बिलं गेल्यावर दुरुस्तीला वेळ लागतो.

चालू झाल्यावर आठवड्याभरात वीज गेली आणि मुलांनी वॉर्डनला गाठलं: ‘‘सर, सोलर लावलं ना, मंग लाईन गेली तं हे काऊन बंद पडून राह्यलं?’’ उत्तर साधं आहे. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर लाईन नसताना स्वतः बंद होतो. बॅटरीशिवायच्या संचाचा तो गुण आहे, दोष नाही. पण हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच आठवड्यात संचाची इज्जत जाते. अभ्यासिकेच्या दिव्यांसाठी जुना बॅटरी-इन्व्हर्टर होता तो तसाच ठेवला.

पहिलं पूर्ण वर्ष

एप्रिल ते मार्च निर्मिती झाली 5,870 युनिटं, अंदाजापेक्षा सहा टक्के कमी. युनिटाला सुमारे 0.7 किलो धरला तर चार टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड टळला. तूट जवळजवळ सगळी एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंतची. वर्षभर मुलांची धुण्याची पाळी लावली होती, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी सातच्या आत. सुट्टी लागली आणि पाळी लावलेली मुलं गावी गेली. धूळ सर्वात जास्त, ऊन सर्वात जास्त आणि हात एकही नाही. पुढच्या वर्षापासून सुट्टीतल्या चार धुलाईंचे चौकीदाराला वेगळे पैसे, त्या खात्यातून.

धुतानाही एक गोष्ट चुकत होती. मुलं बोअरचं पाणी वापरत होती. या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, वाळलं की काचेवर पांढरे ठिपके बसतात आणि ते साध्या पाण्याने जात नाहीत. नळाचं पाणी वापरलं, आठ पॅनेलना 40 ते 50 लिटर लागतं, आणि मऊ ब्रश. साबण नाही. तापल्या काचेवर दुपारी गार पाणी अजिबात नाही.

तिसरी चूक मात्र कंत्राटदाराची नाही, नियोजनाचीच. ऑगस्टच्या 620 युनिटांची फोड वर्ष संपल्यावर केली: सोळा जुने पंखे, प्रत्येकी 75 वॉट, रोज बारा तास, म्हणजे 446 युनिटं. दिवे आणि चार्जिंग नव्वदच्या आसपास, फ्रिज 45, पंप 35. बिलाचा सत्तर टक्के भाग छताला टांगलेला होता आणि सगळे गच्चीकडे पाहत होते. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तीस वॉटच्या आसपास घेतो. सोळा पंख्यांचे 45,000 रुपये, वर्षाला सुमारे 2,000 युनिटं कमी. वर्षाला एक युनिट वाचवायचा खर्च साडेबावीस रुपये. सोलरने तेच एक युनिट तयार करायचा खर्च 43. पंखे आधी बदलले असते तर सहा पॅनेल पुरली असती आणि स्ट्रक्चरसह तीस-पस्तीस हजार वाचले असते. म्हणजे पंख्यांचा बहुतेक खर्च तिथेच निघाला असता.

वेगळ्या खात्यातून ते दुसऱ्या वर्षी बदलले. रिमोटवाले घेतले नाहीत. वसतिगृहात रिमोट आठवडाभर टिकत नाही, आणि बटणावर चालणारे मिळतात. आता मार्चअखेर दोन हजारांच्या आसपास युनिटं शिल्लक पडतील असं दिसतं. मेसमध्ये चहा आणि दूध तापवण्यासाठी इंडक्शन शेगडी घेऊन त्यातली काही खपवायची, आणि अभ्यासिकेला आणखी एक कूलर लावायचा, असं ठरलं आहे.

देणगीदाराचे उरलेले तीन लाख दुसऱ्या एका वसतिगृहासाठी काढले आहेत, मुलींच्या. तिथल्या पहिल्या भेटीत गच्चीची चावी मागितलीच नाही. आधी बारा महिन्यांची बिलं घेतली, मग खोल्याखोल्यांतून फिरून पंखे मोजले. बावीस निघाले, त्यातले एकोणीस जुने.